मठाच्या स्वयंपाकघरांतील बंधु लॉरेन्स

शाळेंत आपण ज्यांचीं चरित्रें वाचतों ते बहुधा राजे, सेनापति, शास्त्रज्ञ नाहीं तर मोठे ग्रंथकार असतात. कोणी राज्यें मिळविलीं, कोणी समुद्र ओलांडले, कोणी नवीं यंत्रें शोधून काढिलीं, आणि त्यायोगें त्यांचीं नांवें मागें राहिलीं. आज आम्ही वाचकांपुढें ज्याचें चरित्र ठेवीत आहों त्यानें यांपैकीं कांहींच केलें नाहीं. तो पॅरिस शहरांतील एका मठांत आचारी होता, आणि पाय फारच अधू झाल्यावर त्याच मठांत वहाणा शिवीत बसे. त्याला शिक्षण असें फारसें मिळालें नव्हतें. त्यानें आपल्या हयातींत ग्रंथ छापला नाहीं, उपदेशपीठावर तो कधीं चढला नाहीं, मठाचा अधिकारहि त्याच्या वांट्यास आला नाहीं. असें असून, त्याला मरून सव्वातीनशें वर्षांहून अधिक काळ लोटला तरी त्याचीं थोडींशीं पत्रें व संभाषणें जगाच्या अनेक भाषांतून अजून वाचलीं जातात. देवाला विसरावयाचें नाहीं, आणि तेंहि केवळ देवळांत नव्हे तर चुलीपुढें, ही एकच गोष्ट त्यानें आपल्या आयुष्याचें काम म्हणून पत्करिली. ती त्याला कशी साधली, आणि साधण्यापूर्वीं त्याला काय काय सोसावें लागलें, हें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

हल्लीं फ्रान्सच्या पूर्व भागांत मोडणारा लोरेन हा प्रांत त्या काळीं फ्रान्सच्या राजाचा नव्हता. तेथें एक स्वतंत्र ड्यूक राज्य करी. त्या प्रांतांत ल्युनेव्हिल नगराजवळ एरिमेनिल नांवाचें एक खेडें आहे. तेथें इ. स. १६१४ च्या सुमारास एका साध्या पण देवभीरु कुटुंबांत निकोलस हर्मन याचा जन्म झाला. हाच पुढें बंधु लॉरेन्स या नांवानें प्रसिद्धीस आला. त्याच्या लहानपणाविषयीं सांगण्यासारखें फार थोडें आहे, म्हणून आम्ही एकदम त्याच्या अठराव्या वर्षाकडे वळतों.

हिवाळ्याचे दिवस होते. थंड देशांतील हिवाळा आपल्याकडील मुलांना सहसा पाहावयास मिळत नाहीं. आपल्या रानांत पळस किंवा पांगारा पानें गाळतो खरा, पण लगेच त्याला फुलें येतात आणि शेजारीं वड, आंबा, फणस हिरवेगार उभे असतातच. तिकडे तसें नाहीं. शरद ऋतु संपला म्हणजे बहुतेक झाडांचें एकूण एक पान गळतें, आणि पुढें कित्येक महिने तीं झाडें काळ्या काटक्यांच्या मोळीसारखीं दिसतात. ज्याला ठाऊक नाहीं तो तीं मेलीं असेंच म्हणेल. असें एक उघडें झाड निकोलसच्या दृष्टीस पडलें. असलीं झाडें त्यानें जन्मभर पाहिलीं होतीं. परंतु त्या दिवशीं त्याच्या मनांत आलें कीं थोड्या काळानें या झाडाला पालवी फुटेल, मग मोहोर येईल, मग फळ धरेल, आणि यांतलें कांहींहि झाड स्वतःच्या बळानें करणार नाहीं. जो देव कोणी पाहत नसतां या वाळल्या फांदीची आठवण ठेवतो, तो किती समर्थ आणि किती काळजीवाहू असला पाहिजे! एवढाच तो विचार. पण पुढें पन्नाशी उलटून गेल्यावरहि त्यानें सांगितलें कीं त्या दिवशीं देवावर जें प्रेम जडलें त्याहून तें पुढें वाढलें किंवा नाहीं हें आपल्याला सांगतां येत नाहीं.

देव आहे हें निकोलसला घरच्या शिकवणीनें माहीत होतें. देव कसा आहे हें त्याला त्या झाडानें दाखविलें. पुढें जें सर्व घडलें त्याचें बीज आमच्या मतें या भेदांत आहे. कारण ज्याच्या स्वभावाची ओळख नाहीं त्याची आठवण माणूस धाकानें ठेवील, प्रेमानें ठेवूं शकणार नाहीं.

परंतु त्या एका दिवसानें निकोलस साधु झाला असें कोणी समजूं नये. इ. स. १६१८ पासून १६४८ पर्यंत मध्य युरोपांत जें भयंकर युद्ध चाललें होतें, आणि ज्याला इतिहासांत तीस वर्षांचें युद्ध म्हणतात, त्याचा वणवा या सुमारास लोरेन प्रांतांत शिरला. इ. स. १६३३ सालीं फ्रेंच सैन्यानें लोरेनची राजधानी नान्सी घेतली. त्याच सालीं त्याच नान्सीच्या झाक कालो नांवाच्या प्रसिद्ध चित्रकारानें युद्धाच्या हालअपेष्टांचीं चित्रें कोरून प्रसिद्ध केलीं. जाळलेलीं खेडीं, लुटलेलीं घरें आणि झाडाला ओळीनें फांशीं दिलेलीं माणसें त्यांत दिसतात. निकोलस ड्यूकच्या सैन्यांत शिपाई झाला. एकदां जर्मन फौजेच्या एका तुकडीनें त्याला धरलें व हेर समजून फांशीं देण्याचा धाक घातला. त्यानें न डगमगतां सांगितलें कीं आपण हेर नाहीं, आणि मरणाचें आपणास भय वाटत नाहीं. त्याची ती शांत मुद्रा पाहून अधिकाऱ्यांनीं त्याला सोडून दिलें. पुढें इ. स. १६३५ मध्यें स्वीडिश सैन्यानें रांबेरव्हिले या गांवावर हल्ला केला, त्यांत तो जखमी झाला. आईबापांच्या घरीं राहून जखम बरी झाली, पण पायांत जें अधूपण आलें तें जन्मभर गेलें नाहीं. शिपाईगिरीच्या दिवसांतील आपल्या वर्तनाबद्दल त्यानें पुढें फार पश्चात्ताप केला.

शिपायाचा पेशा सुटला. आतां काय करावें? एका सद्गृहस्थाबरोबर त्यानें एकांतांत राहून पाहिलें. पण जेथें नेम नाहीं, वडील माणूस नाहीं, सोबत नाहीं, तेथें मन आज आनंदांत तर उद्यां खेदांत, आज भक्तींत तर उद्यां कंटाळ्यांत, असें हेलकावे खाऊं लागलें. हा मार्ग आपला नव्हे असें ओळखून तो पॅरिसला आला आणि राजाच्या खजिन्यावरील फ्यूबे नांवाच्या अधिकाऱ्याकडे हुजऱ्या म्हणून राहिला. त्या नोकरींत त्याचा लौकिक एवढाच झाला कीं जें हातीं घ्यावें तें तो फोडी. आपण एक धांदरट, धिप्पाड गडी होतों व सर्व कांहीं मोडून टाकीत होतों, असें तो स्वतः मोकळ्या मनानें सांगे. ज्या मुलांना घरांत कपबशी फोडल्याबद्दल रोज बोलणीं खावीं लागतात त्यांनीं हें लक्षांत ठेवण्यास हरकत नाहीं.

शेवटीं इ. स. १६४० मध्यें, वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास, तो पॅरिसच्या व्होजिरार रस्त्यावरील कार्मेली मठांत दाखल झाला. या पंथाला अनवाणी कार्मेली म्हणतात. स्पेन देशांतील आव्हिला येथील साध्वी तेरेसा हिनें इ. स. १५६२ मध्यें जुन्या कार्मेली पंथाची जी सुधारणा आरंभिली तिच्यांतून तो निघाला. पायांत बूट न घालतां नुसत्या वहाणा घालावयाच्या, आजाऱ्याखेरीज कोणी मांस खावयाचें नाहीं, सप्टेंबरच्या १४ तारखेपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत रविवार वगळून उपवास पाळावयाचा, असे त्यांचे कडक नेम होते. तेरेसा मोठी व्यवहारी बाई होती. ज्या भगिनींना कामामुळें प्रार्थनेला वेळ मिळत नाहीं म्हणून वाईट वाटे त्यांना ती समजावीत असे कीं देव स्वयंपाकघरांतील भांड्यांमध्येंहि वावरत असतो. तिच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनीं हें बोलणें खरें करून दाखविणारा मनुष्य तिच्याच पंथांत आला.

पॅरिसचा तो मठ इ. स. १६११ मध्यें स्थापन झाला होता. पुढें फ्रेंच राज्यक्रांतींत, इ. स. १७९२ च्या सप्टेंबरांत, तेथें कोंडलेल्या शंभरावर धर्मगुरूंची कत्तल झाली, त्यामुळें इतिहासाच्या वाचकांस तें स्थळ ठाऊक असतें. परंतु आमची हकीकत त्याच्या आधींची आहे.

मठांत बंधूंचे दोन वर्ग असत. एक विद्वान, दीक्षा घेऊन धर्मगुरु होणारा, लॅटिन स्तोत्रें गाणारा. दुसरा हातानें काम करणारा सेवक वर्ग. निकोलस दुसऱ्या वर्गांत गेला. त्याला पुनरुत्थानाचा बंधु लॉरेन्स असें नवें नांव मिळालें, आणि इ. स. १६४२ मध्यें त्यानें कायमचीं व्रतें घेतलीं. येथपर्यंत आम्हीं त्याचा उल्लेख एकेरी केला. यापुढें तसें करण्यास लेखणी धजत नाहीं.

मठांत शिरतांना त्यांची अशी समजूत होती कीं आपल्या धांदरटपणाबद्दल व चुकांबद्दल येथें आपली चांगली खोड मोडली जाईल, आणि आपलें जीवन व त्यांतील सारीं सुखें देवाला वाहिल्यासारखें होईल. पण झालें उलटें. तेथें त्यांना समाधान मिळालें. तेव्हां देवानें आपल्याला चांगलेंच फसविलें असें ते विनोदानें म्हणत.

त्यांची नेमणूक स्वयंपाकघरांत झाली. स्वयंपाकाचा त्यांना स्वभावतःच तिटकारा होता. ही गोष्ट त्यांच्या भक्तांच्या लक्षांत सहसा राहत नाहीं, म्हणून आम्ही ती मुद्दाम सांगतों. हंसतमुख, गोलमटोल आचारी आनंदानें पळी फिरवीत आहे असें जें चित्र पुष्कळांच्या मनांत असतें तें खरें नव्हे. पाय लंगडा, कामाची आवड नाहीं, मोठ्या मठाचा रोजचा स्वयंपाक, भोंवतीं धूर आणि खडखडाट, आणि एकाच वेळीं चारपांच जण निरनिराळ्या वस्तु मागत आहेत, अशा जागीं ते सुमारें पंधरा वर्षें राहिले. आणि त्यांनीं सांगून ठेविलें आहे कीं या गडबडींत आपल्याला देवाचें सान्निध्य जितकें शांतपणें लाभतें तितकेंच तें प्रार्थनामंदिरांत गुडघे टेकले असतांना लाभतें. त्यांत अधिकउणें नाहीं. जात्यावर ओव्या गाणाऱ्या जनाबाईची परंपरा ज्यांच्या कानांवरून गेली आहे त्या आमच्या वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं. परंतु प्रार्थना म्हणजे ठरलेल्या वेळीं ठरलेल्या पद्धतीनें करावयाची क्रिया, असें मानणाऱ्या त्या मठवासी लोकांना ही गोष्ट नवीन होती.

त्यांची रीत फार साधी होती. काम हातीं घेतांना ते देवाला सांगत कीं आतां मला या बाहेरच्या उद्योगाकडे लक्ष दिलें पाहिजे, तर तूं माझ्याबरोबर राहा आणि हें काम माझ्या हातून नीट करवून घे. मग काम चाललें असतां मनांतल्या मनांत, मित्राशीं बोलावें तसें, चार शब्द. काम संपलें कीं तें कसें झालें हें पाहावयाचें. चांगलें झालें तर आभार मानावयाचे. बिघडलें तर क्षमा मागावयाची, आणि खट्टू न होतां पुन्हां देवाजवळ जावयाचें. त्यांतील शेवटचा भाग आम्हांला सर्वांत कठीण वाटतो. आपल्यापैकीं बहुतेकांची अशी रीत असते कीं एक चूक झाली म्हणजे तिच्यासाठीं तासभर हळहळावयाचें. ती हळहळ आपल्याला धार्मिकपणा वाटते. बंधु लॉरेन्स यांचें मत असें होतें कीं हळहळण्यांत माणूस स्वतःकडेच पाहत असतो. ते देवापाशीं कबूल करीत कीं तूं सोडून दिलेंस तर माझ्या हातून असेंच होणार, मला सांवरणें तुझें काम. आणि एवढें सांगून ती गोष्ट ते मनांतून काढून टाकीत.

काम लहान कीं मोठें याचा ते विचार करीत नसत. तव्यावरची अंड्याची पोळी उलथावयाची ती देवाच्या प्रीतीखातर. ती झाली आणि दुसरें कांहीं करावयाचें नसलें, तर जमिनीला कपाळ लावून देवाला नमन करावयाचें, आणि उठून पुन्हां कामाला लागावयाचें. जमिनीवर पडलेली काडी उचलावयाची तर तीहि त्याच प्रीतीनें. देव कामाचा आकार पाहत नाहीं, तें कोणत्या प्रेमानें केलें हें पाहतो, अशी त्यांची पक्की समजूत होती.

इतकें वाचून कोणास वाटेल कीं हें सोपें आहे. तें सोपें नव्हतें. मठांतील पहिलीं दहा वर्षें बंधु लॉरेन्स यांना अतिशय जड गेलीं. देवाचें स्मरण ठेवावें म्हणून ते झटत, आणि मन शंभर वेळां दुसरीकडे पळे. मागचीं पापें डोळ्यांपुढें उभीं राहत. देवानें आपल्यावर एवढी कृपा केली आणि आपण असे अपात्र, या विचारानें ते खचत. पडत, पुन्हां उठत, पुन्हां पडत. सर्व सृष्टि, विवेक, खुद्द देवहि आपल्याविरुद्ध आहे, आणि केवळ विश्वास तेवढा आपल्या बाजूला आहे, असें त्यांना वाटे. चार वर्षें तर आपला नाश निश्चित ठरलेला आहे या भीतीनें त्यांना ग्रासलें होतें, आणि जगांतील कोणीहि समजूत घातली तरी ती भीति जाण्यासारखी नव्हती. भोंवतालच्या लोकांना बहुधा याचा पत्ताहि नसावा. भाजी चिरली जात होती, पानें वाढलीं जात होतीं, आणि वाढणारा मनुष्य आपण देवाला कायमचे अंतरलों आहों असें समजत होता.

त्यांतून ते कसे सुटले? युक्तिवादानें नव्हे. त्यांनीं एक निश्चय केला. मी या पंथांत आलों तो देवाच्या प्रीतीखातर. पुढें माझें कांहींहि होवो, तारण होवो वा नाश होवो, जोंवर जीव आहे तोंवर मी प्रत्येक काम त्याच्या प्रीतीसाठींच करीत राहीन. निदान मरेपर्यंत त्याच्यावर प्रेम करण्याचें एवढें तरी माझ्या हातीं राहील. आपली अस्वस्थता जन्मभर टिकणार असें धरून त्यांनीं तिचा स्वीकार केला. आणि ज्या दिवशीं ती जावी ही इच्छा त्यांनीं सोडली त्यानंतर ती एकाएकीं गेली. त्यांच्या मनाला जणूं आपली जागा सांपडली, आणि तेथून पुढें ती शांति बहुधा ढळली नाहीं.

या काळानंतर देवाच्या स्वभावाविषयीं ते जें बोलत तें ऐकण्यासारखें आहे. अठराव्या वर्षीं झाडापाशीं त्यांना देवाचें सामर्थ्य आणि काळजी दिसली होती. आतां त्यांना त्याची दया समजली. एका पत्रांत ते स्वतःची तुलना अंगभर व्रणांनीं भरलेल्या गुन्हेगाराशीं करतात, ज्यानें आपल्या राजाचे अनंत अपराध केले आहेत. तो राजापुढें येऊन सर्व कबूल करतो व शिक्षेची वाट पाहतो. राजा शिक्षा देत नाहीं. उलट त्याला पोटाशीं धरतो, आपल्या पंक्तीला बसवितो, स्वतःच्या हातानें वाढतो आणि खजिन्याच्या किल्ल्या त्याच्या स्वाधीन करतो. ज्यानें आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलें त्या आचाऱ्याला देव वाढपी म्हणून दिसावा, हें आम्हांला मोठें हृद्य वाटतें.

स्वयंपाकघराबाहेरचींहि कामें त्यांच्यावर पडत. मठासाठीं द्राक्षारस विकत आणण्याकरितां त्यांना एकदां ओव्हेर्न प्रांतांत व पुढें बर्गंडींत पाठविण्यांत आलें. घासाघीस करण्याची अक्कल नाहीं, पाय धड नाहीं; नावेंत पिंपें रचलेलीं, त्यांवरून चालतां येईना, म्हणून हे गृहस्थ पिंपांवरून लोळत लोळत इकडून तिकडे जात! काम तुझें आहे, तेव्हां तूंच पाहून घे, असें देवाला सांगून ते निश्चिंत राहिले. सौदा ठीक झाला. कसा झाला हें त्यांचें त्यांनाच कळलें नाहीं.

पायाचें दुखणें वाढलें तेव्हां त्यांना स्वयंपाकघरांतून काढून बंधूंच्या वहाणा दुरुस्त करण्याचें बैठें काम दिलें. तें त्यांना आवडलें. परंतु जुनें नावडतें काम सोडावें लागलें असतें तसें हें आवडतें कामहि आपण सोडूं, असें ते म्हणत.

एव्हांना त्यांच्याविषयीं बाहेर थोडें ऐकूं येऊं लागलें होतें. इ. स. १६६६ च्या ऑगस्टच्या ३ तारखेस बोफोर नांवाचे एक धर्मगुरु त्यांना प्रथम भेटले. मनापासून देवाची सेवा करावयाची असेल तर हवें तितक्या वेळां यावें, त्रास होईल अशी भीति बाळगूं नये. तसें नसेल तर पुन्हां येऊं नये, असें त्या वहाणा शिवणाऱ्या बंधूनें त्यांना साफ सांगितलें. बोफोर पुन्हां आले. अशा चार भेटींचीं टिपणें त्यांनीं करून ठेविलीं म्हणून आज आपणांस हें सर्व कळतें. त्याखेरीज सोळा पत्रें उपलब्ध आहेत. त्यांतील एकांत तर त्यांनीं विनंति केली आहे कीं हें पत्र कोणास दाखवूं नये. दाखविलें जाईल असें समजलें असतें तर तें लिहिलेंच नसतें. ही विनंति पाळली गेली नाहीं, आणि तिच्या भंगाबद्दल आम्ही वाचक कृतज्ञ आहों!

पत्रांतील उपदेश अगदीं घरगुती आहे. फौजेंतील एका तरुणाविषयीं ते लिहितात कीं त्याला लांबलचक प्रार्थनांची गरज नाहीं. कूच चालू असतां, हातांत तलवार असतां, क्षणभर मन देवाकडे वळविलें तरी पुरे, आणि त्यानें धैर्य कमी न होतां वाढेल. स्वतः शिपाईगिरी केलेल्या माणसाचा हा सल्ला आहे. प्रार्थनेंत मन भटकतें अशी तक्रार करणाऱ्या भगिनीला ते सांगतात कीं श्रीमंताच्या दारांत बसलेल्या मुक्या, लुळ्या भिकाऱ्यासारखें देवापुढें बसावें. फार बोलूं नये, कारण पुष्कळ बोलण्यानेंच मन पांगतें. आणि तें पळालें तर त्याला न रागावतां हळूच परत आणावें. परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला बसणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना या शेवटच्या सूचनेचा दुसऱ्या रीतीनेंहि उपयोग होईल.

आजाऱ्यांना लिहिलेलीं पत्रें मात्र कित्येकांस कठोर वाटतील. तुमचें दुखणें जावें अशी प्रार्थना मी करीत नाहीं, तें सोसण्याची शक्ति मिळावी अशी करतों, असें ते एका रोगी भगिनीस कळवितात. मुलाच्या अंथरुणाशीं बसलेल्या आईला हें पटणें कठीण. आम्हांलाहि तें पूर्णपणें पटतें असें नाहीं. पण लिहिणाऱ्याच्या पायाला त्या काळीं वाहता व्रण होता आणि त्याची वेदना वर्षानुवर्षें चालली होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या शब्दांना निराळें वजन येतें.

बंधु लॉरेन्स यांच्या मृत्यूनंतर बोफोर यांनीं इ. स. १६९२ व १६९४ मध्यें दोन लहान पुस्तकें छापून हें लिखाण प्रसिद्ध केलें. तीं पुढें एका वादांत सांपडलीं. मनाच्या शांतिवर अवाजवी भर देणारें एक मत त्या वेळीं फ्रान्सांत पसरत आहे अशी चर्चमधील अधिकाऱ्यांना धास्ती वाटत होती. प्रसिद्ध आर्चबिशप फेनेलॉन यांनीं आपल्या समर्थनार्थ या आचाऱ्याचा दाखला दिला. इ. स. १६९९ मध्यें पोपनीं फेनेलॉन यांच्या पुस्तकाचा निषेध केला, आणि कॅथलिक फ्रान्सांत बंधु लॉरेन्स यांचें नांव बराच काळ मागें पडलें. तें जिवंत राहिलें तें प्रॉटेस्टंटांमुळें. प्येर प्वारे नांवाच्या प्रॉटेस्टंट विद्वानानें तीं पुस्तकें पुन्हां छापिलीं; पुढें इंग्लंडांत जॉन वेस्ली यांनीं आपल्या ग्रंथमालेंत त्यांतील वेंचे घेतले. ज्याला वाद म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें त्याच्या वांट्यास हे सर्व वाद यावे, ही मौजच म्हणावयाची. कॅथलिकांकडेहि आतां त्यांचें नांव आदरानें घेतलें जातें.

फेनेलॉन यांनीं त्यांना प्रत्यक्ष पाहिलें होतें. बंधु लॉरेन्स त्या वेळीं फार आजारी होते, आणि दोघांचें बोलणें मरणाविषयीं झालें. फेनेलॉन हे दरबारांत वावरलेले, अत्यंत सुसंस्कृत गृहस्थ. त्यांना या रांगड्या माणसांत एक विलक्षण नाजुकपणा दिसला, आणि एवढ्या दुखण्यांत तो इतका आनंदी कसा याचें त्यांना आश्चर्य वाटलें.

इ. स. १६९१ च्या फेब्रुवारी महिन्याच्या ६ तारखेस त्यांनीं आपलें शेवटचें पत्र लिहिलें. देवाच्या दयेनें थोड्याच दिवसांत आपण त्याला पाहूं, अशी आशा त्यांत त्यांनीं प्रकट केली आहे. लवकरच ते अंथरुणाला खिळले. शेवटच्या घटकांत एका बंधूनें त्यांना विचारलें कीं आपण काय करीत आहां, मनांत काय चाललें आहे. त्यांनीं उत्तर दिलें कीं जें पुढें सर्वकाळ करावयाचें आहे तेंच मी आतां करीत आहें. देवाला धन्यवाद देतों, त्याची स्तुति करतों, त्याच्यावर प्रीति करतों. शुद्धि अखेरपर्यंत शाबूत होती. सोमवार, फेब्रुवारीची १२ तारीख, सकाळचे नऊ वाजले असतां, कसलीहि धडपड न होतां, त्यांनीं प्राण सोडला.